गाळून वाचलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा एवढा एक विषय मी शिताफीने टाळत आलो आहे. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखीची माणसं माझ्याविषयी जे चांगलं बोलतात, ते आता मला ऐकवत नाही म्हणून असेल.

परवा चार मंडळी घरी आली होती. इंग्रज जाणार हे आता नक्की झालंय, त्यामुळे बेळगावात जिकडे तिकडे सत्काराची धांदल आहे. कोण कितीदा तुरुंगात गेला, कुणाच्या डोक्याला टाके पडले, याद्याच्या याद्या चालल्यात. त्यांना आमच्या साप्ताहिकाचा एक जुना अंक हवा होता — शहापूरच्या लाठीमाराची माझी बातमी ज्यात आली तो. काचेच्या चौकटीत लावणार म्हणे. त्यातला एक जण म्हणाला, "तुमची बातमी वाचून मी शाळा सोडली." आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, अंक सापडत नाही. सापडत नाही कसला! ट्रंकेत अगदी वरच आहे.

बातमी खोटी होती का? — हे मला सरळ विचारा, म्हणजे मी गोंधळून जाईन. लाठीमार झाला होता. मी स्वतः पाहिला. निःशस्त्र माणसांना गुरासारखं बडवलं, हे खरं आहे आणि मरेपर्यंत मी ते सांगेन. पण मी जे पाहिलं ते मी लिहिलं का?

दिवस मिठाच्या कायदेभंगाचे. मी पंचविशीतला. साप्ताहिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि मधल्या वेळात बातम्या आणायच्या, हे माझं काम. दर रविवारी मी शहापुरात विणकरांच्या एका गल्लीत जाऊन अंक मोठ्याने वाचून दाखवत असे. मी आलो की हातमागांची खटखट एकेक करत थांबायची आणि माणसं परशरामच्या कट्ट्याशी जमायची. मी कधी कुणाला शिकवलं नाही, तरी ते मला मास्तर म्हणायचे. परशराम माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला आप्पा म्हणायचो; उंच, मोजकं बोलणारा. कुठलीही बातमी त्याला दोनदा ऐकायची असे. एकदा ऐकून त्याचा विश्वास बसत नसे. त्याची आई शेवंताक्का मला ताकाचा तांब्या आणून द्यायची आणि ते पिऊन होईपर्यंत जागची हलायची नाही.

मी वाचायचो चांगलं. नको इतकं चांगलं. कुठे आवाज खाली आणला की बायका पदर डोळ्याला लावतात, ते मला पाठ झालं होतं. आणि खरं सांगू? — ते मला फार आवडायचं.

त्या दिवशी सकाळी बेळगावात मिरवणूक निघाली. पोलिसांनी अडवली, लाठ्या उगारल्या आणि लोक शहापूरच्या दिशेने धावले. शहापूर संस्थानी हद्दीत. सरकारी पोलीस हद्द ओलांडणार नाहीत, असा सगळ्यांचा समज. पोलिसांनी हद्द ओलांडली. मी मिरवणुकीच्या मागोमाग होतो, मीही पळालो आणि ओळखीच्या गल्लीत शिरून परशरामच्या कट्ट्यावर चढलो.

गल्लीत ताणा लागलेला होता. तुम्ही विणकरांच्या वस्तीत राहिला नसाल तर सांगतो — मागावर चढवायचं उभं सूत आधी गल्लीभर लांब ताणून बांबूच्या तिकाटण्यांवर धरतात, त्याला खळ लावतात आणि कुंच्याने झाडून सुकवतात. त्या ताण्यावरून कुणी पाय टाकत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दारू पिऊन आलेला माणूसही तिथे वाकून बाजूने जातो. त्या सकाळी मागे लाठ्या लागलेल्या असताना ती माणसं ताण्यापाशी येऊन थांबली! सगळीच्या सगळी. कुणी वाकून खालून जायला बघू लागला, कुणी भिंतीकडची वाट शोधू लागला. तुडवून गेला असता तर वाचला असता, पण एकानेही तुडवलं नाही. तिथेच पोलिसांनी त्यांना गाठलं.

परशराम मिरवणुकीत नव्हता. त्याच्या डाव्या हातात खळीचा कुंचा होता. एक तिकाटणं कलंडायला लागलं, ते त्याने उजव्या हाताने धरलं, आणि लाठी त्या हातावर बसली. तो सोडेना. दुसरी बसली. तिसरीला त्याने सोडलं. मी चार हातांवर उभा होतो. तो आवाज मी ऐकला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं — त्यानंतर ती कधी मिटली नाहीत.

आता मला सांगा, ही बातमी कमी होती का? मला कमी वाटली. सूत सांभाळताना हात मोडला — यात झेंडा कुठे आहे, घोषणा कुठे आहे? हे वाचताना आवाज कुठे खाली आणायचा?

आणि त्याच दिवशी दुपारी शेवंताक्का गेली. पाच दिवस ती तापाने फणफणली होती. तीन दिवस तर घोटभर पाणीही घशाखाली उतरत नव्हतं. बाहेर काय झालं, हे तिला कळलंही नसेल. मी मर्तिकाला गेलो, तिथून अंघोळ करून तसाच छापखान्यात आलो. संपादकांनी विचारलं, "कुणी दगावलं का रे?" मी म्हणालो, "एक म्हातारी."

खोटं बोललो का? एक म्हातारी दगावली होतीच की. पण पुढे मग हात आपोआप लिहीत गेला — नाही. हात आपोआप काही लिहीत नाही. मी लिहिलं. परशरामच्या हातात मी झेंडा दिला. त्याला वाचवायला त्याची आई धावली असं लिहिलं, तिच्या कपाळावर लाठी घातली, आणि जिच्या तोंडातून तीन दिवस शब्द फुटला नव्हता तिच्या तोंडी मरताना घोषणा घातली. लिहिताना मी रडलो. त्या रडण्यालाच मी पुरावा समजलो, इतका मी मूर्ख होतो.

अंक हातोहात गेला. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत तो वाचला गेला, चिकोडीच्या बाजारात वाचला गेला. परशरामच्या गल्लीत मात्र त्या रविवारी मी ती बातमी सोडून बाकीचा अंक वाचला. पत्रं आली. संपादकांनी पाठीवर हात ठेवला. मला आनंद झाला — हेही लिहून ठेवतो.

मग अशी गोष्ट घडली जी त्या काळात सहसा घडत नसे. पोलीस हद्द ओलांडून आल्याने संस्थानाने सरकारला पत्र लिहिलं आणि चौकशी लागली. एक गोरा साहेब नेमला गेला. आमच्या बाजूचे वकील म्हणाले, मार खाल्लेल्यांचे जबाब लिहून आणा. ज्याने जे भोगलं तेवढंच लिहा. दहा जणांचे जबाब मी लिहिले. नऊ सरळ लिहिले. दहावा परशरामचा. अंकात एक आणि जबाबात दुसरं, असं कसं चाललं असतं? तेव्हा जबाबातही मी झेंडा घातला, आईच्या कपाळावरची लाठी घातली.

परशरामला वाचता येत नव्हतं. अंगठा घेण्याआधी मी त्याला जबाब वाचून दाखवला, आणि झेंड्याचा उल्लेख नि आईबद्दलचं वाक्य गाळून वाचला. तो म्हणाला, "पुन्यांदा वाचा की, मास्तर." त्याची सवयच ती. मी पुन्हा वाचला. पुन्हा त्याच जागी तेवढंच गाळलं, आणि जरादेखील अडखळलो नाही. त्याने डाव्या हाताचा अंगठा उठवला.

चौकशीच्या दिवशी कारकुनाने तो जबाब सगळा वाचला. परशराम मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून उभा होता, ऐकत होता. झेंड्यापाशी त्याने नुसतं वर पाहिलं. आईचं वाक्य आलं तेव्हा तो मधेच बोलला, "न्हाय साहेब. आई तापानं गेली. पाच दिस ताप व्हता तिला."

साहेबाने विचारलं, झेंडा होता का हातात?

"कुंचा व्हता, साहेब."

कुणीतरी हसलं. साहेबाने विचारलं, मग हे लिहिलं कुणी? — परशरामने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी बातमी कळली नाही की कट्ट्यावर तो जसा बघायचा, तसा. मी बातमीदारांच्या बाकावर होतो. मी मान खाली घातली आणि वहीत लिहायला लागलो. काय लिहीत होतो? ती वहीही आहे माझ्याकडे. त्या पानावर नुसत्या रेघा आहेत.

मग त्याचा आवाज आला. "मीच सांगितलं आसंल, साहेब. आई गेलती. डोस्कं ठिकान्यावर न्हवतं."

माझं नाव घेतलं असतं तर मी आत गेलो असतो, हे त्याला समजत होतं. तेवढंच वाचवलं त्याने मला.

निकाल काय लागायचा? जो स्वतःच्या आईच्या मरणाबद्दल खोटं सांगतो, त्याचा हात मागातही चिरडलेला असू शकेल, असं साहेबाने लिहिलं. बाकीचे नऊ जबाबही त्याच हस्ताक्षरात होते, तेही बनावट ठरले. त्या नऊ जणांच्या पाठीवर वळ होते. सदरा काढायला सांगितला असता तर कुणालाही दिसले असते. कुणी सांगितलं नाही. पोलीस सुटले.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी बोललोही असतो. तरुण रक्त, चळवळीचा भर, हातून चूक झाली — तुम्ही समजून घेतलं असतंत. पण मी अजून मूळ गोष्टीला हातच घातलेला नाही. इतका वेळ तिच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

संपादकांनी विचारलं, असं झालं कसं? पुढच्या अंकात काहीतरी द्यायला हवं होतं. आणि मी लिहिलं: 'ऐन वेळी साक्षीदार फुटला. भीतीने की आमिषाने, हे त्याचं त्यालाच ठाऊक.' खाली नाव नव्हतं. आमच्या अंकात बातमीखाली नाव देण्याची पद्धत नव्हती.

त्या रविवारी मी शहापूरला गेलो नाही. दुसऱ्या कुणीतरी तो अंक गल्लीत वाचून दाखवला. परशराम तिथेच, स्वतःच्या कट्ट्यावर बसला होता, असं मला नंतर कळलं. दोनदा वाचायला सांगितलं की नाही, ते मी विचारलं नाही.

चौकशीत तो काय बोलला ते गल्लीतल्या कुणी ऐकलं नव्हतं; अंकात छापलं तेवढंच त्यांना ठाऊक. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच झालं की पुढल्या वेळी ताणा लावायची पाळी आली तेव्हा त्याच्या घरी कुणी गेलं नाही. ताणा एकट्यादुकट्याला लावता येत नाही. शेजारपाजारची माणसं एकमेकांचा लावतात, ते पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. त्याचा हात गेला होता, पण बायको मागावर बसायला तयार होती, विणणं तिला येत होतं. फितुराचं सूत ओढायला एकही माणूस आला नाही. दोन महिन्यांत माग बंद पडला. बिऱ्हाड उचलून ती दोघं वडगावला तिच्या भावाकडे गेली.

तीन वर्षांनी मी वडगावला गेलो. सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. तो ओसरीवर रहाटाशी बसून विणायच्या सुताच्या कांड्या भरत होता — ते बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम. डाव्या हाताने रहाट फिरवायचा आणि उजव्याच्या उरलेल्या दोन बोटांत धागा धरायचा. मला पाहून त्याला आनंद झाला. खरंच झाला, तसा आनंद खोटा करता येत नाही, मला त्यातलं कळतं. त्याने बायकोला ताक आणायला सांगितलं. जबाबाबद्दल एक शब्द काढला नाही. मग रहाट थांबवून म्हणाला, "मास्तर, एक इचारू? तुमी व्हता की तितं. माझा हात तुमी बघितलासा. त्यो लिवायला पुरला न्हाय व्हय?"

मी म्हणालो, "आप्पा, लोक जागे व्हायला हवे होते." भाषणात म्हणतात तसं.

"व्हय. ते बी खरं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आन् मी फुटलो म्हून छापलं, ते कुनी लिवलं? तुमास्नी ठावं आसंल."

सांगायला गेलो होतो ना मी? त्याने तर दार उघडून दिलं होतं. बायको ताकाचा तांब्या घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "माहीत नाही."

"आसू दे," परशराम म्हणाला. "तुमी तवा छापखान्यात आसतासा, तर तसं लिवू दिलं नसतंसा."

मी ताक प्यालो आणि उठलो. त्यानंतर तो आठ वर्षं जगला. मी पुन्हा गेलो नाही.

ते मी लिहिलं होतं.