धरणाची फेरी

पंक्चरच्या सोल्यूशनचा वास आला की तो रविवार आठवतो. लेक हैदराबादला शिकायला गेली होती, घरात आम्ही दोघंच. दिवसभर सोबत बोलता येईल म्हणून मी सायकलनं धरणाची फेरी ठरवली. दोन्ही सायकलींचे पंक्चर काढले, कापसाच्या शेतांमधली गाडवाट विचारून घेतली, ज्वारीच्या भाकरी बांधल्या. सकाळी हे हसले, "शाळेतली पोरगी आहेस काय तू? कारनं तासाभरात होते!" "तासाभरातच तर नाही पाह्यजे मले," मी म्हटलं, पण तोवर गाडी चालू झाली होती. बंद काचांतून पाणी पाहिलं, भाकरी तिथंच गाडीत खाल्ल्या. दुपारी हे टीव्हीसमोर झोपले. दोन्ही सायकलींत मी अजून हवा भरून ठेवते.