पाहुण्यांसाठी जपलेला फोम

मंडळी, आज सकाळी सोफ्याचा फोम बदलून घेतला आणि दिवसभर जिवाला चैन नाही.

तीन जणांचा सोफा आहे. मी एकटी, रोज एकाच कोपऱ्यात बसते. उरलेल्या दोन जागा पाहुण्यांसाठी म्हणून चादर घालून जपल्या होत्या. आमचे हे गेल्यापासून तिथं कुणी बसलेलंच नाही.

कुशनवाल्या रफीकभाईंना म्हटलं, "माझीच गादी बदला. बाकीच्या दोन नव्या आहेत."

त्यांनी पाहुण्यांच्या गादीची चेन उघडली, तर आतून पिवळा भुगा सांडला.

"काकू, हवा आन ओल लागून फोमचा चुरा हुतोयच की. कुणी बसू दे, न्हायतर नको."

मला रागच आला. रोज झटकायचे हो मी ती चादर!

त्यांनी नवा फोम कव्हरापेक्षा अर्धा इंच मोठा कापला, म्हणजे कव्हर ताठ बसतं. तिन्ही गाद्या भरून म्हणाले, "बसून बघा की."

मी माझ्या कोपऱ्यात बसले.

"तिकडं बी बघा की."

मग उठून दुसऱ्या जागेवर बसले, मग तिसऱ्या.

चादर आता घालणार नाही. कोल्हापुरात कुणी असाल तर नुसतं बसायला याल का?