घरी आणलेला उपदेश

आमच्या गावात असं बोललं जातं, की डुलकीकाकू चर्चला झोपायला येतात. घरी गाई, कोंबड्या, बटाट्याचं शेत आणि अंथरुणाला खिळलेला नवरा. तिथे कुठली झोप मिळायला? म्हणून बिचारी पहिल्या बाकावर, थेट पाळकांच्या नाकासमोर, उपदेशभर डोळे मिटून घेते. दूधवाला तर शपथेवर सांगतो, की त्याने त्यांना घोरताना ऐकलंय. तो स्वतः शेवटच्या बाकावर बसतो, आणि त्या बाकावरून कोण घोरतं ते त्याच्या बायकोला विचारा.

हे साफ खोटं आहे. मी काकूंच्या शेजारच्या घरात राहते आणि चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकावर बसते, त्यामुळे ती मान मला पाठ आहे. झोपलेल्या माणसाची मान पुढे पडते आणि दचकून वर येते. काकूंची मान पाळकांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकदा खाली जाते, बस. पोत्यात बटाटे भरताना मधूनमधून पोतं जमिनीवर आपटतात ना, आतले बटाटे नीट बसावेत म्हणून, अगदी तसं. वाक्य आत गेलं, आपट. पुढचं वाक्य आत गेलं, आपट. काकू उपदेश भरून घेत असतात. तो घरी न्यायचा असतो.

ही सवय माहेरची. त्या घरात माणसं भरपूर होती आणि गाई त्याहून भरपूर, त्यामुळे सगळे मिळून चर्चला गेलेत असं कधी झालंच नाही. गोठ्यात कोणीतरी लागायचंच. मग तिथला नियम असा, की जो जाईल त्याने मागे राहिलेल्यांसाठी उपदेश आणायचा. जेवायच्या आधी काकूंचे वडील विचारायचे, "आज काय म्हणाले?"

कोणी म्हणालं "छान बोलले", की ते म्हणायचे, "छान बोलले ते मला इथे बसूनही कळतं. काय बोलले?"

सांगता आलं नाही, तर पुढच्या रविवारी गोठा. काकू सगळ्यांत धाकट्या. डोळे उघडे असले की समोरच्या माणसाच्या कॉलरवर फिरणारी मुंगी दिसायची आणि उपदेश एका कानाने येऊन दुसऱ्याने जायचा. दोनदा गोठा झाडल्यावर त्यांनी डोळे मिटायला सुरुवात केली, ते आजपर्यंत.

लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सासरी असलं काही नव्हतं. पहिल्या रविवारी काका एकटे चर्चला गेले, आले, हात धुऊन जेवायला बसले. नवी नवरी समोर उभी. ताट काही पुढे येईना.

"आज काय म्हणाले?"

"कोण?"

"पाळक."

काका बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. "पाप वाईट," ते म्हणाले. "देव चांगला."

"एवढंच?"

"आणि लांबलं फार."

त्या दिवशी ताट मिळालं, पण तेवढ्याच मापाचं.

पुढे आयुष्यभर तो पायंडा पडला. एक रविवार काकूंचा, एक काकांचा. काकांचा उपदेश काडेपेटीत मावेल एवढाच राहिला, पण ऐकायची मात्र त्यांना चटक लागली. स्वतःचा गोठ्याचा रविवार असला, की बादली उपडी घालून ते फाटकाशी बसायचे आणि काकू वळणावर दिसल्या की उठून उभे राहायचे. दोघांची बियाण्यावरून भांडणं झाली, गाय विकण्यावरून झाली, एकदा तर आठवडाभर अबोला होता. रविवारी दुपारी मात्र उपदेश सांगितला जायचा, मग परत अबोला. मुलीच्या जन्माच्या वेळी कळा सुरू झालेल्या असताना काकूंनी धावत आलेल्या नवऱ्याला आधी विचारलं, आज काय म्हणाले. काका म्हणतात, "त्या दिवशी मी जन्मात सांगितला नसेल एवढा लांब सांगितला. थांबलो तर काय करायचं ते कळत नव्हतं."

ती मुलगी आता लांबच्या शहरात नर्स आहे. मुलगा ट्रक चालवतो. घरात उरले काका, काकू आणि गाई.

मागच्या कापणीला काका गोठ्याच्या माळ्यावर गवत चढवत होते. शिडी सरकली. खुब्याचं हाड गेलं. हॉस्पिटल झालं, ऑपरेशन झालं, घरी आले. सोबत एक वॉकर मिळाला. मुलगी फोनवर आईला म्हणाली, "आई, हाड जुळलंय. आता बाबा चालले तर चालतील. थंडीभर असेच पडून राहिले, तर पाय कामातून जातील. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

काकूंनी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं. काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एकदा पडलो तेवढं पुरे झालं. परत पडायला उठू कशाला?"

काकूंनी गोड बोलून पाहिलं. रागावून पाहिलं. जेवण खाटेपासून चार पावलांवर ठेवून पाहिलं, तर काका उपाशी झोपले. वॉकर कोपऱ्यात उभा राहिला आणि काकू त्याच्यावर दूध गाळायची फडकी वाळत घालायला लागल्या. आता सगळेच रविवार काकूंचे झाले होते, आणि गोठ्याकडे काका खाटेवरूनच कान ठेवायचे. माणूस गप्पच झाला होता. आठवडाभरात धड दहा शब्द नाहीत. फक्त रविवारी दारात पाऊल वाजलं की भिंतीकडूनच आवाज यायचा, "आज काय म्हणाले?"

एवढी एकच फट उघडी होती. काकूंनी तिच्यातून हात घातला.

आमची खिडकी त्यांच्या खिडकीसमोर आहे आणि काकूंचा आवाज गाईंना हाका मारून तयार झालेला आहे, त्यामुळे मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये. त्या रविवारी पाळक हरवलेल्या मेंढराबद्दल बोलले होते. मेंढपाळ त्याला कसा शोधतो, वगैरे. काकूंनी सगळं बरोबर सांगितलं आणि शेवटी एकाच श्वासात जोडलं, "मग म्हणाले, खांद्यावर बसवून घरी आणलं खरं, पण पुढे चालायचं मेंढरानेच. निदान उठून तरी बसावं त्याने."

काकांनी भिंतीकडची मान वळवली.

"असं म्हणाले?"

"तर काय मी माझ्या मनचं सांगतेय?"

संध्याकाळी काका खाटेच्या कडेला पाय सोडून बसले.

पुढच्या रविवारी पाळक माशाच्या पोटात राहिलेल्या माणसाबद्दल बोलले. काकूंच्या उपदेशात तो मासा म्हणजे गादी निघाली. "म्हणाले, गादी मऊ असते, पण ती गिळते." काका भिंत धरून उभे राहिले. मग एका रविवारी पेरणाऱ्याची गोष्ट झाली, तिच्यात बी खडकावर पडलं, काट्यांत पडलं आणि काकूंच्या घरी पोहोचेपर्यंत खाटेवरही पडलं. काका वॉकरवरची फडकी बाजूला करून खिडकीपर्यंत आले. बरं वाटून नव्हे. चिडून.

"ह्या माणसाला माझ्याशिवाय दुसरा विषय नाही का?" ते खिडकीतून मला म्हणाले. "गावात एवढे पापी आहेत. दूधवाला पाणी घालतो. त्याच्यावर बोला म्हणावं."

"घालतो ना?" मी म्हटलं.

"तू विषय बदलू नकोस. ये म्हणावं एकदा समोर."

ते आले. आजाऱ्यांना भेटायला पाळक येतातच. आमचे पाळक इतके साधे, की कोंबडी आडवी आली तरी तिला "माफ करा" म्हणतात. प्रत्येक वाक्याआधी ते खोकतात, आणि त्या खोकल्याचेही प्रकार आहेत. क्षमेचा मऊ असतो, मरणाचा खोल, वर्गणीचा अर्धवट. मला नकला करायचा नाद आहे, ते सगळे हुबेहूब काढून दाखवता येतात. गावाला हे माहीत आहे, फक्त पाळकांना नाही. त्या दिवशी मी तिथे अंडी घ्यायला गेले होते. तसं अंड्यांची एवढी घाई नव्हती.

पाळक खुर्चीवर बसले, खोकले आणि म्हणाले, "काय काका, कसं काय?"

"कसं काय ते तुम्हीच सांगा," काका म्हणाले. "दर रविवारी चारचौघांत सांगताच की. खाटेवरचं बी काय, गादीतला मासा काय. माझा खुबा मोडलाय, साहेब, कान नाही."

पाळकांनी खोकायचं विसरून तोंड उघडं ठेवलं. "मासा... होय. पण गादी? मी गादीबद्दल कधी बोललो नाही हो. आयुष्यात नाही."

दारात काकू चहाचे कप घेऊन उभ्या. आता दुसरं कोणी असतं तर कप तरी हिंदकळला असता.

"मासा त्यांचा," काकू म्हणाल्या. "गादी माझी." आणि चहा दिला.

पाळक अर्धा कप ठेवून निघून गेले. काका वॉकर ढकलत खाटेपर्यंत गेले, आडवे झाले आणि भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. वॉकरवर परत फडकी आली. थंडी मध्यावर आली होती, आणि काकूंनी महिनाभर इंच इंच करून कमावलेलं एका चहात गेलं होतं. मला वाटलं, आता काकू हात टेकतील, किंवा माफी मागतील.

पुढच्या रविवारी काकू चर्चहून आल्या, चप्पल काढली, हात धुतले, जेवण वाढलं. ताट निवायला लागलं. शेवटी भिंतीकडून आवाज आला.

"आज काय म्हणाले?"

"जाऊन ऐका."

"म्हणजे?"

"मी आणलेला तुम्हाला भेसळीचा वाटतो ना. मग ताजा तिथे मिळतो."

माहेरी काय, सासरी काय, काकू चर्चला गेल्या आणि उपदेश घरी आला नाही असं आजवर झालं नव्हतं. दुपारी त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी कुंपणाशी जाऊन म्हटलं, "काकू, सांगून टाका की. तेवढं एकच तर ऐकतात ते."

"म्हणून तर सांगत नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. तुला पाळकांची नक्कल येते हे त्यांना माहीत आहे, ते तुलाच विचारतील. एक शब्द जरी बोललीस, तर बघ."

"ते काही यायचे नाहीत, काकू. तुम्ही नाही सांगितलं तर ते नाही ऐकणार, बस. हट्टी माणूस आहे."

"त्यांचा हट्ट मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतेय. बटाटे काढायच्या आत चर्चच्या बाकावर बसलेले दिसतील."

"लावता पैज?"

काकूंनी हातातले दाणे झटकले. "लाव. मी हरले, तर माझी मान डोलावायची नक्कल कर. भर चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. मी स्वतः तुला पुढे उभी करीन."

"आणि मी हरले तर?"

"तर पुढच्या कापणीपर्यंत रविवारचा गोठा तुझा."

मी लगेच हो म्हटलं. चर्चमध्ये, पुढे उभं राहून, सगळ्यांसमोर. मी ती मान त्याच रात्री आरशासमोर बसवायला घेतली.

दोन रविवार कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी मी आमच्या खिडकीत होते. समोरच्या खिडकीत काका. वॉकर धरून आलेले, कारण खाटेवरून माझ्याशी बोललं असतं तर काकूंना ऐकू गेलं असतं.

"ए, सांग ना," ते हळूच म्हणाले. "काय म्हणाले?"

"काकूंनी बोलायला मनाई केलीय."

"बोलू नकोस. नुसतं खोकून दाखव."

आता खोकणं म्हणजे काही शब्द नाही. मी खोकले. मऊ, दोनदा, आणि तिसऱ्यांदा जरा अडखळून.

काकांनी डोळे बारीक केले. "क्षमा?"

मी पडदा सारखा केला.

"पण ते मध्ये अडखळणं काय? क्षमेत ते अडखळत नाहीत. कोणाला क्षमा? कोणी कोणाला करायची?"

"पुढचं चर्चमध्ये आहे, काका."

काका पुटपुटत परतले. आठवडाभर त्यांच्या घरातून वॉकर आपटल्याचा आवाज यायचा, पहाटेपासून. खाट ते खिडकी, खिडकी ते दार, मग दार ते फाटक. एकदा पडल्याचा आवाज आला. मी धावले, तर काकू गोठ्याच्या दारात उभ्या. त्यांनी मला हाताने थांबवलं. त्यांचा स्वतःचा पाय पुढे निघालेला होता, तो त्यांनी मागे घेतला. आत बराच वेळ काहीच नाही. मग काकांनी मोठ्याने हासडलेली शिवी ऐकू आली, आणि परत वॉकर वाजला. तेव्हा काकूंनी दाराची चौकट सोडली आणि धार काढायला गेल्या.

पुढच्या रविवारी पाळक जिभेबद्दल बोलत होते. माणसाने दुसऱ्याबद्दल काय बोलावं, काय बोलू नये. काकू पहिल्या बाकावर, डोळे मिटलेले, मान वर, खाली. आणि मागून आवाज आला. टप. मग पाय घासल्याचा. मग टप.

सगळं चर्च वळलं. दारात काका, घामाने भिजलेले, एका बाजूला शर्टावर चिखल. शेवटच्या बाकावर दूधवाला होता, तो सरकला. काका बसले. पाळक उपदेशात कुठे होतो ते विसरले, खोकले, आणि घाईघाईने म्हणाले, "मी हे... हे कोणा एकाला उद्देशून नाही बरं का."

"चालू द्या," काका शेवटच्या बाकावरून म्हणाले.

सगळं चर्च वळलं होतं, एक मान सोडून. काकूंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. फक्त पाळकांनी पुढचं वाक्य संपवलं तेव्हा ती मान खाली गेली नाही. त्याच्या पुढच्या वाक्यालाही नाही. त्या रविवारी काकूंनी एकही वाक्य भरून घेतलं नाही.

शेवटचं गीत झालं. काकू उठल्या, मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मागोमाग, कान टवकारून. एवढ्या महिन्यांनंतर काय बोलतात ते मला शब्दन्शब्द हवं होतं.

"गोठ्यात कोण आहे?" काकू म्हणाल्या.

"कोणी नाही."

"कालवड सोडवून घेईल. बटाट्यात शिरेल."

"शिरू दे."

"शिरू दे काय? बटाटे अजून काढायचेत." आणि हे म्हणताना त्या माझ्याकडे वळल्या. भुवई एवढीशी वर गेली. ती मला अजून जमलेली नाही. "ऐकलंस ना? गोठ्यात कोणी नाही."

मी चर्चच्या पायऱ्या उतरून पळत सुटले, कारण कालवड कशी आहे ते मला माहीत होतं. आणि ती तशीच होती, बटाट्याच्या मधोमध, तोंडात पाला. तिला ओढत गोठ्यात आणलं, बांधलं आणि झाडू उचलला. पुढच्या कापणीपर्यंत.