पोतारल्याशिवाय फोटो नाही

आमच्या धामणगाव बढ्यात धाब्याची घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. मातीच्या दीड हात जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर पुन्हा माती. मी त्यांचे फोटो काढत हिंडतो. त्यातलं मला फार कळतं, असा माझा तोराही होता.

आमच्या गल्लीच्या टोकाचं घर तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या चाचांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. निम्म्या गावाच्या भिंती उभ्या करणारे हे मिस्त्री. लाकडांना वाळवी लागली म्हणून त्यांचा मुलगा घर पाडून स्लॅब टाकणार होता. चार दिवसांनी जेसीबी येणार, हे कळताच मी धावत गेलो. भेगा, पोपडे, ढासळलेला कोपरा, सगळं मन लावून टिपलं आणि शाबासकीच्या आशेनं कॅमेरा चाचांपुढे धरला.

त्यांचं तोंडच उतरलं.

"लोक म्हणतीन, मिस्त्रीचं काम असंच होतं. माणसाले माती द्याच्या आधी आंघोळ घालतेत ना, बेटा? मंग माह्या घराले काऊन नाही? आधी भेगा लिंपू, भिंती पोतारू, मंग फोटू."

"पण चाचा, पाडायचंच आहे ना? पोतारून काय उपयोग?"

"पाडाचंच हाय. पन इज्जतीनं."

मी मनात चरफडलो. मला पोपडेच हवे होते आणि हा माणूस तेच बुजवायला निघालेला! पण सत्तरी उलटलेले चाचा बादली घेऊन शिडी चढायला लागले, तेव्हा मात्र लाज वाटली. कॅमेरा खुंटीला अडकवला आणि बादली धरली.

दोन दिवस आम्ही भेगा लिंपल्या. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारल्या. माझा हात फिरला तिथे चाचा पुन्हा हात फिरवत. "तुह्या हाताले फोटूच बरा," म्हणाले.

मग धुतलेली टोपी घालून ते दारात उभे राहिले आणि मी फोटो काढला. माझ्या सगळ्या फोटोंत मला त्याचाच अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

चौथ्या दिवशी जेसीबी आला. वरची लाकडं भराभर निघाली. मग समोरच्या भिंतीला पहिला धक्का बसला. भिंत हलली नाही. ड्रायव्हरनं मशीन मागे घेऊन पुन्हा धडक दिली. नुसती धूळ उडाली. गल्लीतली माणसं ओट्यांवरून उठून पुढे आली.

चाचांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे वळले.

"आता काढ," म्हणाले.