सकाळी उडणारा हात

माझ्या हातांना सकाळ सोसत नाही, हे मला शाळकरी वयापासून माहीत होतं. त्याला काही नाव असतं, हे मात्र मुलगी झाल्यावर कळलं.

जाफराबादला माहेरी असताना सकाळचा चहा मला कधी कपबशीतून मिळाला नाही. आई स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा ओतायची आणि पेला माझ्या हातात न देता समोर फरशीवर ठेवायची. उठल्यावर थोड्या वेळानं माझा उजवा हात अचानक उडायचा. मागून कुणी कोपराला धक्का द्यावा तसा खांदा वर जायचा आणि बोटांतली वस्तू लांब जाऊन पडायची. कंगवा, ब्रश, एकदा तर दुधाचं पातेलं. एवढं झालं की हात पुन्हा माझ्या ताब्यात. दुपारी त्याच हातानं मी सुईत दोरा ओवायचे. शिवणाच्या क्लासमध्ये माझी काजं सगळ्यात सरळ असायची. त्यामुळे हा आजार असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. परीक्षेच्या दिवसांत जागरण झालं की हात जास्त उडायचा. घरचे म्हणायचे, अभ्यासाची धास्ती घेतली पोरीनं. मलाही तसंच वाटायचं.

लग्न होऊन कुंभार पिंपळगावाजवळच्या एका गावात आले. नवरा शिक्षक, धाकटा दीर शेती बघणारा, सासू-सासरे सोबत. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांना चहा देताना बशी उडाली आणि त्यांचं पांढरं धोतर खराब झालं. ते हसले, नवी आहे, घाबरली म्हणाले. पुढच्या वर्षी दिराचं लग्न झालं आणि घरात जाऊ आली.

ती अंबडकडची. माझ्यापेक्षा लहान, उंच, आणि हाताची अशी की बघत राहावं. तिनं गाळणी न हलवता चहा गाळलेला मी पाहिलाय. पहाटे अंगणात बसून ती ठिपके न मांडता रांगोळी काढायची. तिची भाकरी तव्यावर पडायची ती गोल आणि सपाट, कडेला एक चीर नाही. सासूबाई शेजारणींना म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला लई स्थिरता हाय." थोरलीच्या हाताला काय आहे, ते कुणी बोलायचं नाही. पण फुटलेल्या कपांचे कान कोनाड्यात पडलेले सगळ्यांना दिसायचे.

तेव्हा मला तिचा राग येत नव्हता. राग यायला तिनं काही करायला पाहिजे ना? ती फक्त नीट वागायची, आणि तेच मला खुपायचं. ती भाकरी थापायला बसली की मी उठून दुसरीकडे जायचे.

मग मुलगी झाली. बाळंतपण माहेरी झालं, तिथं बाळाला न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. तिसऱ्या महिन्यात मी सासरी परतले. रात्रभर पोरगी दुधाला उठायची, माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. सकाळचं उडणं वाढलं. आता दोन्ही हात उडायचे, कधीकधी गुडघाही एकदम वाकायचा. आधी काही दिवस सासूबाईंनीच बाळाला न्हाऊ घातलं. त्यांची कंबर धरली म्हणून मी म्हणाले, "आत्याबाई, मी घालते आता. माझीच पोरगी हाय."

न्हाणीत पाटावर बसले. पाय लांब करून नडग्यांवर बाळाला पालथं घेतलं. पाठीला तेल चोळून झालं. कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि हात उडाला. तांब्या बाळाच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळला. बाळाला काही लागलं नाही, ते फक्त दचकलं. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी झडप घालून तिला उचललं.

"पोरीला मारतीस का गं?"

"मुद्दाम न्हाई केलं, आत्याबाई. हात आपोआप उडला."

"आपोआप कुणाचा हात उडतो?" त्यांनी वळून जावेला हाक मारली. "तू बस गं पाटावर. रोज तूच बस."

जाऊ माझ्याकडे न बघता पदर खोचून बसली. मी ओल्या साडीनं उठले.

तेव्हापासून सकाळ तिची झाली. मी खोलीत बसायचे आणि न्हाणीतून आवाज यायचे. आधी पाणी उपसल्याचा, मग तिचं बाळाशी लाडानं बोलणं. "आमची म्हातारी आज नाराज हाय का? कुणी काय म्हणलं आमच्या म्हातारीला?" अंघोळ झाली की शेक, ओव्याची धुरी, काजळ. काजळाचा तिचा ठिपका गालावर अगदी गोल बसायचा. मी लावायला गेले असते तर कुठं लागलं असतं कोण जाणे. सगळं झाल्यावर दुपट्यात गुंडाळलेली पोरगी माझ्याकडे यायची, दूध प्यायला. तिच्या डोक्याला जावेच्या हाताच्या तेलाचा वास असायचा. मी तो वास पुसायचे. ओल्या फडक्यानं, हळूच, ती पीत असताना.

एका सकाळी अंगणातून एकदम कल्ला ऐकू आला. सासूबाई ओरडल्या, "हसली! हसली बघा!" सासरे, दीर, माझा नवरा, सगळे न्हाणीच्या दाराशी धावले. मी उठून पोहोचेपर्यंत हसून झालं होतं. जावेच्या नडग्यांवर उताणी पडलेली पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"ताई, बघा ना, आवाज करून हसली," जाऊ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी म्हणाले, "अजून थोडं पाणी घाल, साबण राह्यलाय कानामागं."

दुसरं काही बोलायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं. माझ्या पोटची, माझ्या दुधावर वाढलेली, आणि पहिलं हसू दिलं ते हिला. त्या दिवशी नवरा शाळेतून आल्यावर मी त्याला म्हणाले, "आपण वेगळं राहू."

"एवढी जल्दी काय झाली? कुणी काय बोललं का?"

"कुणी काहीच बोललं न्हाई."

"मंग?"

जाऊ माझ्या मुलीवर फार माया करते, ही तक्रार कशी सांगायची? तो वह्या तपासायला बसला.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. पोरीला ताप होता, दोन रात्री मी नीट झोपले नव्हते. सकाळी ओट्याशी उभी होते. हात एकदा उडाला, पुन्हा उडाला, मग लागोपाठ उडत राहिला. त्यानंतरचं मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी जमिनीवर होते, जीभ चावली गेली होती आणि कुणीतरी नाकाशी कांदा धरला होता. सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. शेजाऱ्यांची जीप काढून मला जालन्याला नेलं. पोरगी अंगावर पिणारी, तिला मागं ठेवता येईना. म्हणून तिला घेऊन जाऊही सोबत आली.

मेंदूच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी फिटबद्दल विचारायच्या आधी मला विचारलं, "सकाळी हातातून कप उडतो का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं काही सांगितलेलं नव्हतं.

"उडतो," मी म्हणाले. "शाळेत होते तेव्हापासून."

"आणि दुपारी?"

"दुपारी बिलकुल न्हाई."

त्यांनी मान हलवली. डोक्याला तारा लावून आलेख काढायला सांगितला. तो बघून त्या समजावून सांगायला लागल्या. हा फिटचाच एक प्रकार आहे, वयात येताना सुरू होतो. मेंदूत क्षणभर वीज चमकल्यासारखं होतं आणि हात झटका देतो, त्या झटक्यांना मायोक्लोनस म्हणतात. माणूस शुद्धीत असतं, म्हणून लोकांना वाटतं धांदरट आहे. झोप मोडली की झटके वाढतात, आणि फार वाढले की मोठी फिट येते.

धांदरट. इतकी वर्षं मी स्वतःलाच धांदरट म्हणत आले होते. मला एकदम हलकं वाटलं, तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "ही गोळी रोज घ्यायची, मनानं बंद करायची नाही. हिच्यावर बाळाला पाजायला हरकत नाही. पण गोळीइतकीच झोप महत्त्वाची. रात्री बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं. दूध काढून वाटीत ठेवा, चमच्यानं पाजता येतं."

जाऊ लगेच म्हणाली, "मी घेते ना. रात्री माझ्याजवळ झोपल ती."

सकाळ आधीच तिच्याकडे गेली होती, आता रात्रही जाणार होती. डॉक्टर बरं करू राह्यल्या होत्या आणि मला वाटत होतं, माझी पोरगी हप्त्याहप्त्यानं तिच्या नावावर करू राह्यल्या आहेत. मी जावेच्या हातातून पोरगी ओढूनच घेतली.

"मंग मी तिला न्हाऊ कधी घालायचं?" मी विचारलं. आवाज चढला होता.

डॉक्टरांना आधी काही कळलं नाही. नवऱ्यानं तांब्याचा प्रसंग सांगितला. त्या ऐकून म्हणाल्या, "महिनाभर गोळी लागू पडू दे. मग घाला की दुपारी. जवळ कुणीतरी बसलेलं असू द्या, म्हणजे झालं."

"दुपारी?" नवरा म्हणाला. "बाळाला सकाळीच घालतात ना?"

"कुणी सांगितलं? बाळाला घड्याळ कुठं कळतंय!"

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती.

महिना कसा काढला ते माझं मला माहीत. रात्री दूध काढून वाटीवर झाकण ठेवायचे आणि खोलीत एकटी झोपायचे. भिंतीपलीकडं पोरगी रडली की छाती भरून यायची आणि मी उशीत तोंड खुपसायचे. पण झोप लागायची. हळूहळू सकाळचे झटके विरळ झाले. एक दिवस मी कपबशीतून चहा प्याले आणि कुणाला सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे एका दुपारी मी पाटावर बसले. सासूबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या, हात पुढं करूनच. जाऊ टॉवेल धरून दारात उभी. हात एकदाही हलला नाही. पण पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मान वळवून वळवून ती दाराकडं बघायची, जावेकडं.

"ताई," जाऊ हळूच म्हणाली, "पाय थोडे जवळ घ्या. मान खाली लोंबली की तिला आवडत न्हाई. आन् पाणी आधी पायावर टाकायचं, मंग अंगावर."

माझ्या मुलीला काय आवडतं, हे ती मला सांगत होती. कानशिलं तापली माझी. तरी मी पाय जवळ घेतले, पाणी आधी पायावर टाकलं. पोरगी गप्प झाली. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली वगैरे नाही, नुसतं बघितलं. मी तिला पुसलं, काजळ लावलं. ठिपका लांबट झाला. तो मी तसाच ठेवला.

जाऊ टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून आत निघून गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. तिनं कधी भांडं आपटलेलं मी ऐकलं नव्हतं. पोरीला झोपवून मी आत गेले. ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती.

"काय झालं गं?"

"काही न्हाई."

"सांग की."

तिनं तांदूळ पुन्हा पसरले. मग म्हणाली, "उद्या सकाळी मी काय करू, ताई? उठल्यापासून तिचंच असतं ना माझं. पाणी तापवायचं, तेल कोमट करायचं." तांदळातला एक खडा तिनं लांब फेकला. "तुम्हाला काय, तुमची हाय ती."

तिच्या तोंडून हे ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तिला जळताना बघून मला बरं वाटलं. पण तो आनंद तिथं उभी असेपर्यंतच टिकला, कारण ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. त्या घरात दोन वर्षं काढूनही तिला मूल झालं नव्हतं. मी तिला माझ्या मुलीसोबत बघत होते, पण मूल नसलेली बाई म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

"तेल तूच तापव," मी म्हणाले. "मला कोमट कळत न्हाई."

पुढं तिलाही एक मुलगी झाली. माझी गोळी चालूच आहे. लग्नकार्यात जागरण झालं की दुसऱ्या दिवशी हात एखादा झटका देतो, तेव्हा घरातले माझ्यापुढचं ताट आपणहून बाजूला घेतात. आम्ही वेगळे राहिलो नाही. माझी मुलगी आता गावातल्या शाळेत जाते, मला आई म्हणते आणि जावेला मम्मी. सकाळी वेण्या घालायला ती अजून मम्मीकडेच पळते. मी म्हणते, "ये, मी घालते आज. आता माझा हात उडत न्हाई."

"तुझा भांग वाकडा येतो," ती म्हणते, आणि कंगवा घेऊन पलीकडच्या खोलीत जाते. तिथून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो. मी डबा भरता भरता ऐकत राहते, आणि आतून अजूनही जळते.