पूर्वेला पाठ

माझी शाळा पाचवीतच सुटली. त्यामुळे लिहिण्यात चुका होतील, पण जे घडलं ते मनात ठेवून राहवत नाही. नगरकडचं गाव सोडून मी मलकापुरात एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आलो आणि मागून आईलाही घेऊन आलो. तिचा एक पाय लहानपणापासून लुळा, काठीशिवाय पाऊल पडायचं नाही. तोंड मात्र सगळ्यांच्या पुढे धावायचं. भाकरी थापता थापता ती पुनरुत्थानाच्या, मेलेले उठतील त्या दिवसाच्या गोष्टी अशा सांगायची, जणू उद्याच जत्रेला निघायचंय. "त्या दिशी मी पयलं काय करीन, ठावं हाये का? पळीन! आपल्या गावचा वढा येका उडीत. तुझी बहीन तान्ही गेली ना, तिला कडंवर घिऊन पळीन. अन् तू बस मागं घाबरत!" मी भित्रा आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या श्रावणात आई गेली. आमच्या ख्रिस्ती लोकांत पुरताना माणसाचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे असावं, म्हणून. पाळक बुलढाण्याहून यायचे होते, ते वाटेत अडकले. खड्डा खणायला जिनिंगमधले सोबती आले. त्यांना आमची रीत कुठली माहीत? एकाने विचारलं, "डोकं कोनीकडं ठेवाचं, भाऊ?" माझ्या मनात 'पूर्व' एवढा एकच शब्द घोळत होता. मी म्हणालो, "पूर्वेकडं." आभाळ गच्च भरलेलं, सूर्य दिसत नव्हता. पाळक आले, प्रार्थना झाली, माती दिली. दिशेचं त्यांच्याही ध्यानात आलं नाही. उशाशी क्रूस रोवून आम्ही परतलो.

यंदा ईस्टरच्या पहाटे मेणबत्ती घेऊन आईच्या कबरीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. सूर्य माझ्या पाठीमागून उगवायला हवा होता. तो उगवला समोर, क्रुसाच्या मागून. मी तिथेच खाली बसलो. आई उठेल ती प्रभूला पाठ करून! जन्मभर तिने ज्या दिवसाची वाट पाहिली, तो मी तिच्या पाठीमागे टाकला होता. कबर उकरावी का, कुणाला विचारावं, काही सुचेना. प्रार्थनाही येईना, नुसतं रडू येत होतं.

शेजारच्या वावरात एक म्हातारी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या गोळा करत होती. ती कुंपणापाशी आली. "काऊन रडून राह्यला, बाप्पा?" कोण कुठली, पण मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली. मला रागच आला.

"अरे, आमी सरकी टोबतो, तं तिचं तोंड कोनीकडं हाये हे पाह्यतो काय? उलटी पडो का सुलटी, कोंब वरतेच येते. तुया देवाले मेलेलं उठवता येते, मंग फिरवता येत नाही काय?" मग तिने विचारलं, "माय कशी होती तुई?"

मी लुळ्या पायाचं सांगितलं, पळण्याचंही सांगितलं.

"मंग तं झालंच! तुई माय काय वाट पाह्यत बसते थ्या दिवशी?" तिने मला तिच्या कॅनमधलं पाणी दिलं, पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

त्याच दिवशी उपासनेत पाळकांनी प्रभूची शिष्या मरीया हिचा वृत्तांत वाचला. प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी ती रडत होती आणि प्रभू तिच्या मागे उभा होता. त्याने नावाने हाक मारली आणि ती वळली. दरवर्षी ऐकतो मी हा भाग. पण प्रभू तिच्या मागे होता, हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं.

कबर मी उकरली नाही, क्रूसही हलवला नाही. माझी चूक होती तशीच प्रभूच्या हाती दिली. सरकी वर्षभर माझ्या हातांखालून जाते, पण तिच्यातली गोष्ट मला परक्या वावरातल्या बाईकडून कळायची होती. त्या माउलीचं प्रभू भलं करो.

आता आईचा तो दिवस मी न घाबरता डोळ्यांपुढे आणतो. ती उठून बसेल, समोर ही वावरं दिसतील. मागून तिच्या नावाची हाक येईल. सवयीने ती आधी काठी चाचपेल. मग तिचं तिलाच हसू येईल, आणि वळून ती पळत सुटेल.