मंडईतला गोल

काल मंडईत नारळवाल्या मावशींच्या पाटीतून एक नारळ निसटला आणि घरंगळत निघाला. मी अडवायला वाकलो, तर बटाट्यांच्या ढिगामागून तात्या ओरडले, "आडवू नका, जाऊ दे की त्याला!"

ही मंडई म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचं जुनं मैदान. त्याला पूर्वेकडे उतार होता. पहिला हाफ आम्ही मुद्दाम चढावर खेळायचो आणि दुसऱ्यात दमलेल्या पाहुण्यांवर वरून तुटून पडायचो. आता संघ गावाबाहेरच्या सपाट, देखण्या स्टेडियमवर खेळतो.

नारळ थेट पूर्वेच्या भिंतीवर, जुन्या गोलपोस्टच्या जागी आदळून फुटला. "गोऽऽल!" अख्खी मंडई गरजली. मावशींनीसुद्धा दोन्ही हात वर केले.

फरशी बसवली, गाळे बांधले; उतार मात्र अजून आमच्याच बाजूनं खेळतोय.